कणकेच्या डब्यातले फोन

“हिच्यासमोर बोला हो बिनधास्त. हिला कुठे काय कळतंय फुटबॉलमधलं!” डॉक्टर म्हणाले.

मी चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्याच्या दारात उभी होते. ज्यांच्या घरी मी राहत होते त्या काकांना डॉक्टर समजावत होते आणि काका टीव्हीसमोर उकिडवे बसून रिमोटची बटणं दाबत होते. काकांच्या लाडक्या इंग्लिश क्लबचे अकरा सामने उरले होते आणि प्रश्न असा होता, की वरच्या लीगमध्ये टिकून राहायला अजून किती पॉइंट लागतील. काका म्हणत होते, तेरा. डॉक्टर म्हणत होते, पंधराशिवाय सुटका नाही. माझ्या मते बारा पुरले असते, कारण तळाच्या क्लबांपैकी दोघांचा एक सामना एकमेकांशीच बाकी होता. त्यातून दोघांचाही फायदा होणं शक्य नव्हतं.

मी ट्रे टेबलावर ठेवला, कपांचे कान प्रत्येकाच्या हाताकडे वळवले आणि कोपऱ्यातल्या माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

ही गोष्ट ऑकलंडमधली, हिल्सबरोच्या एका घरातली. २०११च्या ऑगस्टमध्ये मी न्यूझीलंडला आले. पुण्यात फार्मसीची पदवी घेतली होती, इथे फार्मासिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन व्हायचं होतं आणि तोवर माउंट रॉस्किलच्या एका फार्मसीत काउंटरवर काम करत होते. काका-काकू आईच्या ओळखीतले. त्यांच्याकडे मागची खोली मला मिळाली होती. खिडकीतून भरती-ओहोटीला रंग बदलणारी खाडी दिसायची आणि अंगणात फिजोआचं, पेरूसारख्या हिरव्या फळाचं, झाड होतं.

काका चिंचवडचे, आयटीतले. इथे येण्याआधी दोन वर्षं ते कामासाठी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यांच्या गावात राहिले होते. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना आपल्याबरोबर स्टेडियमवर नेलं आणि थंडीनं कुडकुडताना बघून स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून त्यांच्या गळ्यात घातला. झालं. तो क्लब कधी फारसं काही जिंकत नसे. पण तो मफलर काका अजून वापरत होते, काकूंनी दोनदा रफू केलेला.

इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनला सामना सुरू होतो तेव्हा आमच्याकडे रविवारची पहाट झालेली असते. उठून बघायचं वय काकांचं आणि त्यांच्या दोन्ही मित्रांचं उलटलं होतं. म्हणून काका सामना डीकोडरवर रेकॉर्ड करून ठेवत आणि रविवारी सकाळी नऊ वाजता सगळे मिळून तो ताजा असल्यासारखा बघत. आता ताजा राहायचा तर निकाल कुणालाच माहीत असता कामा नये. त्यासाठी त्या घरात कडक सोवळं होतं. येताना गाडीत रेडिओ लावायचा नाही. दारात शिरल्याबरोबर फोन काकूंच्या जुन्या स्टीलच्या कणकेच्या डब्यात टाकायचा आणि झाकण लावायचं. आणि निकाल चुकून कळलाच, तर दारातच तसं सांगून सरळ स्वयंपाकघरात जायचं. सामना संपेपर्यंत दिवाणखान्यात पाऊल टाकायचं नाही. “तोंड बंद ठेवता येतं हो माणसाला,” काका म्हणत, “चेहरा नाही ठेवता येत.”

एकदा हॉस्पिटलमध्ये एका इंग्लिश नर्सनं डॉक्टरांना निकाल सांगून टाकला होता. त्यांनी दारातच कबुली दिली आणि दीड तास काकूंसमोर लसूण सोलत बसले.

“भावजी, पाकळ्या वाटीत आणि सालं पेपरवर,” काकू सांगत होत्या. “उलटं चाललंय तुमचं.”

“वहिनी, मी रोज माणसं शिवतो.”

“म्हणून तर लक्ष ठेवतेय.”

डॉक्टर मुंबईचे. त्यांचा क्लब नेहमी पहिल्या तिनात असायचा, त्यामुळे दुसऱ्यांच्या दुःखात लक्ष घालायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता. तिसरे मनुरेवाहून यायचे. ते इंजिनियर होते आणि सगळे त्यांना दादा म्हणत. दादांचा असा क्लबच नव्हता. जो हरत असेल त्याच्या बाजूनं ते बसायचे. येताना सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांवरून वाट वाकडी करून गरम जिलेबी आणायचे आणि डॉक्टर दर वेळी “ही आमच्या विजयाची का यांच्या तेराव्याची?” असं विचारून पहिला तुकडा उचलायचे.

मला हे सगळं कळत होतं आणि त्याचं कारण माझी शाळा. पुण्यात मी इंग्रजी माध्यमात शिकले. आमची बस शाळा भरायच्या अर्धा तास आधी पोचायची आणि मी लायब्ररीत जाऊन बसायचे. तिथे पेपरची सिनेमाची पुरवणी मिळवायला मारामारी असे, खेळाचं शेवटचं पान मात्र कुणाला नको असायचं. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात इंग्लिश लीगचं टेबल छापलेलं असे. वीस नावं, त्यांचे सामने, गोल, पॉइंट. मी ते आठवड्याच्या आठवड्याला वाचत गेले. सामना मी कधी बघितलाच नव्हता. पण टेबल वाचायला कुणाशी बोलावं लागत नाही, आणि मला तेच हवं होतं.

बोलण्याचं माझं पहिल्यापासून असंच. इंग्रजीत बोललं की नातेवाइकांना मी शिष्ट वाटायचे. मराठीत बोललं की एखादी मावशी तोंडाला पदर लावून म्हणायची, “ऐकलंत का, इंग्लिश मीडियम!” नेमकं काय चुकलं ते कुणी सांगायचं नाही. मग मी बोलणंच कमी केलं. ऑकलंडला आल्यावर मराठी मंडळाच्या दोन-तीन कार्यक्रमांना गेले. सगळे प्रेमानं चौकशी करायचे: रजिस्ट्रेशन कधी, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना कधी आणि मग आवाज जरा उतरवून, बाकीचं कधी. मी घरी येऊन डोकं धरून बसायचे.

रविवारची सकाळ वेगळी होती. तिथे सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. मी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे, मराठी कानावर पडत राहायची, जिलेबीची बशी फिरत फिरत माझ्यापर्यंत यायची आणि मला कुणी काही विचारायचं नाही. आठवड्यातले ते दोन तास मी परदेशात नसायचे.

म्हणून काकूंनी एका रविवारी जे जाहीर केलं ते ऐकून मी हातातली जिलेबी बशीत परत ठेवली.

“मला एक सांगा,” पोह्यांवर खोबरं पेरता पेरता त्या म्हणाल्या, “यांचा क्लब खालच्या लीगमध्ये गेला, तर त्याचे सामने आपल्या टीव्हीवर दिसणार नाहीत ना?”

“नाही दिसणार,” डॉक्टर आनंदानं म्हणाले.

“मग ठरलं. तेव्हापासून रविवार सकाळ माझी. कुंपणाचं हेज वाढलंय, गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि मला रानात बुश वॉकला जायचंय.”

“आम्ही कुठे जायचं वहिनी?”

“आपापल्या घरी. बायकांना तोंड दाखवा जरा.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. मीही हसले नाही. काकूंनी एकदा ठरवलं की ठरवलं, हे मला सात महिन्यांत चांगलं कळलं होतं. डॉक्टर आणि दादा दुसऱ्या कुणाच्या सामन्यासाठी हिल्सबरोला येणार नव्हते. डॉक्टरांच्या घरी मोठा टीव्ही होता आणि दादांना तर सगळे क्लब सारखेच. काकांचा क्लब खाली गेला की वेताची खुर्ची गॅरेजमध्ये जाणार होती आणि मी मागच्या खोलीत.

मार्चमध्ये काकांच्या क्लबनं मॅनेजरला काढलं. त्या रविवारचा सामना बघून झाला, डब्यातून फोन बाहेर आले आणि डॉक्टरांनी बातमी वाचून टाळीच वाजवली.

“काढला! काढला शेवटी!”

“चांगला माणूस होता हो,” काका म्हणाले.

“चांगल्या माणसाचं काय लोणचं घालायचंय? टेबल बघा. सात सामन्यांत दोन पॉइंट. मी असतो तर दिवाळीतच हाकलला असता.”

“खेळाडूंनी साथ नको द्यायला?”

“मॅनेजर कशाला म्हणतात मग? नाही जमत तर घरी बसा. सरळ आहे.”

दादा जिलेबीच्या बॉक्सला रबर लावत होते. त्यांनी ते दोन वेळा लावलं आणि काढलं. “मलाही असंच म्हणाले,” ते म्हणाले. “तू गोड माणूस आहेस, यू आर अ लव्हली गाय. मग म्हणाले, रीस्ट्रक्चरिंग. शुक्रवार शेवटचा.”

टीव्हीवर कुणीतरी गवत कापायच्या मशीनची जाहिरात करत होता. त्या दिवशीची जिलेबी दादांनी नोकरी गेल्यावर दोन दिवसांनी, तशीच वाट वाकडी करून आणली होती, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं. डॉक्टर उठले, दादांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, “सीव्ही पाठव मला. आज.”

त्यानंतर त्या घरात कुठल्याही मॅनेजरला कुणी ‘काढलं’ नाही. ‘बदलला’ म्हणायचे. डॉक्टरसुद्धा. तसं कुणी ठरवलं नव्हतं. दादांना एप्रिलच्या शेवटी नोकरी लागली, पेनरोजच्या एका फर्ममध्ये, आणि त्या रविवारी ते जिलेबीऐवजी पेढे घेऊन आले, तरी तो शब्द काही परत आला नाही.

नवा मॅनेजर आल्यावर काकांचा क्लब एक जिंकायचा, दोन हरायचा, एक बरोबरीत सोडवायचा. मी माझ्या डायरीच्या मागच्या पानावर टेबल लिहीत होते. सीझनचा एक सामना उरला तेव्हा चित्र साफ होतं. दर वर्षी तळाचे तीन क्लब खालच्या लीगमध्ये जातात, त्यांतले दोन गेलेच होते. तिसरं कोण जाणार, हे काकांचा क्लब आणि आणखी एक क्लब यांच्यात ठरणार होतं. बरोबरी झाली तरी आपण वाचत होतो. हरलो आणि तो दुसरा जिंकला, तर संपलं.

शेवटच्या दिवशीचे सगळे सामने इंग्लंडात रविवारी एकाच वेळी असतात. म्हणजे आमच्याकडे सोमवार उजाडायच्या आधी. सोमवारी सगळ्यांना कामं. ठरलं असं, की सोमवारचा अख्खा दिवस कान-डोळे मिटून काढायचा आणि संध्याकाळी साडेसहाला जमायचं. त्यात काका नेमके कामासाठी वेलिंग्टनला. रविवारी त्यांचा फोन आला.

“बाळ, रेकॉर्डिंग लावशील ना? काकूंना सांगितलं तर त्या मालिका लावतील.”

मी हो म्हटलं. हे काम काकांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं. टीव्हीवरच्या कार्यक्रमांच्या गाइडमध्ये सामना शोधला, बटण दाबलं, नावापुढे लाल ठिपका आला. झोपायच्या आधी मी तीन वेळा जाऊन तो ठिपका बघून आले.

सोमवारी सकाळी फार्मसीत मी फोन बंद करून पर्समध्ये ठेवला. दहाच्या सुमारास दार उघडलं आणि ते आजोबा आत आले.

दर सोमवारी आठवड्याच्या गोळ्यांचं कप्प्याकप्प्यांचं पाकीट न्यायला येणारे एक इंग्लिश आजोबा होते. ऐंशीच्या घरातले. त्यांच्या लोकरीच्या टोपीवर क्लबचं चिन्ह होतं आणि तो क्लब म्हणजे नेमका तो दुसरा, काकांच्या क्लबच्या मानेवर बसलेला. महिनोन्‌महिने मी त्यांना पाकीट देत होते आणि मनात त्यांच्या हरण्याची प्रार्थना करत होते. त्यांना याचा पत्ता नव्हता. त्यांना बघून मी मागच्या बाजूला सटकणार होते, पण काउंटरवर दुसरं कुणी नव्हतं.

आजोबांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. एरवी ते कधी काढत नसत.

“आमचं संपलं, पोरी,” ते म्हणाले. अर्थात इंग्रजीत. “आम्ही आमचा सामना जिंकलो, बरं का. तिकडे त्यांच्याविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली होती.” आणि त्यांनी काकांच्या क्लबचं नाव घेतलं. “ती गोलात गेली असती तर आम्ही राहिलो असतो. त्यांच्या गोलकीपरनं अडवली.”

माझ्या छातीत काहीतरी सुटलं. कितीतरी आठवडे आवळून धरलेली मूठ उघडावी तसं. मी गोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं, सकाळच्या गोळीचा रंग या महिन्यापासून बदललाय ते सांगितलं आणि सही घेतली.

“आता टीव्हीवर दिसणार नाहीत,” ते म्हणाले. “वर यायला दोन-तीन वर्षं तरी लागतात. माझं वय बघता...” ते हसले. “असू दे. गेम आहे.”

“आय ॲम सॉरी,” मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचाही रविवार गेला होता. माझा वाचला म्हणून त्यांचा गेला होता, किंवा उलट. ते टोपी घालून बाहेर पडेपर्यंत मी दाराकडे बघत राहिले. मग मागे गेले आणि खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या ओळीत लावू लागले. त्या आधीच ओळीत होत्या. पण हसू आवरत नव्हतं, हाताला काहीतरी काम हवं होतं.

दिवसभर मी हलकी होते. दुपारी चुकीचं सँडविच मिळालं ते पण खाल्लं. घरी येताना बसमध्ये नियम आठवला. निकाल कळला असेल त्यानं दारातच सांगायचं आणि स्वयंपाकघरात जायचं.

संध्याकाळी सगळे जमले. काका विमानतळावरून थेट आले होते, ऑफिसच्या कपड्यांत, वरून मफलर. “विमानात शेजारच्यानं पेपर उघडला,” ते सांगत होते, “मी उतरेपर्यंत डोळे मिटून. बाई विचारून गेली, बरं वाटत नाही का.” दादांनी साइटवर दिवसभर कानावरची इअरमफ काढलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, “मी आज ऑपरेशन थिएटरमधून बाहेरच आलो नाही. सगळ्यांना वाटलं, काय कष्टाळू माणूस आहे!”

मग त्यांनी कणकेचा डबा हातात घेऊन एकेकाला विचारलं. “शपथेवर. काही कळलं नाही ना?”

“नाही,” दादा म्हणाले.

“नाही,” काका म्हणाले.

“वहिनी?”

“मला कळलं तरी मला काय कळणार आहे?” काकू आतून ओरडल्या. त्या मुरांब्यासाठी फिजोआ कापून चमच्यानं गर काढत होत्या, सगळ्या घरात त्या फळांचा वास होता.

डॉक्टरांनी माझा फोन घेतला, डब्यात टाकला आणि झाकण लावलं. मला विचारलं नाही.

विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आले. खरं म्हणजे मला आत बसायचं होतं. आणि मला हेही वाटलं, की मी स्वयंपाकघराकडे वळले तर काका माझा चेहरा बघतील आणि त्यांना सगळं कळेल. चेहरा ठेवता येत नाही हा त्यांचा नियम. मला ठेवता येत होता. आजवर तेवढं एकच तर करत आले होते.

मी वेताच्या खुर्चीत बसले. असा सामना मी पुन्हा कधी पाहिला नाही. सगळे घामाघूम आणि मी एकटी शांत. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच दोन खेळाडूंची डोकी एकमेकांवर आपटली, खेळ बराच वेळ थांबला, स्ट्रेचर आलं. मग समोरच्यांनी गोल केला. काका मफलर तोंडावर धरून बसले. थोड्या वेळानं काकांच्या क्लबनं कसाबसा, कुणाच्या तरी गुडघ्याला लागून, गोल फेडून बरोबरी केली आणि दादा सोफ्यावर उभे राहिले.

“चपला!” काकू आतून म्हणाल्या. दिसत नसून त्यांना कळलं कसं, देव जाणे.

दहा मिनिटं उरली असताना काकांनी रेकॉर्डिंग थांबवलं. “चहा. नाहीतर मला काहीतरी होईल.”

थांबवल्यावर पडद्याच्या तळाशी एक पट्टी येते. रेकॉर्डिंग किती झालं, किती उरलंय. तिघेही चहाकडे वळले होते. मी पट्टी बघत होते. सामन्याची दहा मिनिटं बाकी होती, वर स्ट्रेचरमुळे इंज्युरी टाइम भरपूर मिळणार होता. पट्टीत फक्त पंधरा मिनिटं उरली होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. काका दर वेळी रेकॉर्डिंग लावताना पुढे अर्धा तास जास्तीचा टाकायचे. मी त्यांना ते करताना कितीदा पाहिलं होतं. मी नुसता गाइडमधला सामना निवडला होता. लाल ठिपका तीन वेळा बघितला आणि अर्धा तास विसरले.

सांगायला तोंड उघडलं. पण सांगणार काय? की हा सामना शेवटपर्यंत दिसणार नाही? काकांनी प्ले दाबलं.

नव्वद मिनिटं झाली. चौथ्या पंचानं पाटी वर धरली, आठ मिनिटं. डब्यात फोन थरथरत होते. पुण्या-मुंबईला दुपार असेल, कुणीतरी मेसेज पाठवत असेल. स्टील स्टीलवर खडखडत होतं आणि तिघेही तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला काकांच्या बचावपटूनं समोरच्याला पाडलं. पेनल्टी.

“नाही,” काका म्हणाले. “नाही, नाही, नाही.”

समोरच्या खेळाडूनं चेंडू ठिपक्यावर ठेवला. एकदा उचलला, पुन्हा ठेवला. मागे गेला. गोलकीपर दोन्ही हात पसरून उभा. पंचानं शिट्टी तोंडाला लावली आणि पडदा निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरात विचारलं होतं: रेकॉर्डिंग संपलं. ठेवायचं की पुसायचं?

काकांनी रिमोट पडद्याकडे धरून पुन्हा प्ले दाबलं. मग दादा हळूच म्हणाले, “आयला.”

काका माझ्याकडे वळले. “बाळ, जास्तीचा अर्धा तास लावला नव्हतास?”

मी नाही म्हणून मान हलवली.

ते रागावतील असं मला वाटलं होतं, आणि मी तयारही होते. ते म्हणाले, “असू दे. मी सांगायला हवं होतं.” आणि पुन्हा त्या निळ्या पडद्याकडे बघायला लागले.

“डबा उघडा,” डॉक्टर म्हणाले.

काका उठले, डब्यापाशी गेले आणि झाकणावर हात ठेवून उभे राहिले. उघडेनात.

“उघडा की.”

“थांबा हो डॉक्टर. उघडला नाही तोवर आपण वाचलेलो आहोत.”

कुणी हसलं नाही. डॉक्टरही नाही. काकू हातात फिजोआचा चमचा घेऊन दारात आल्या, काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हेजबद्दल, गॅरेजबद्दल, कशाहीबद्दल काही बोलल्या नाहीत. काकांच्या हाताखाली झाकण खडखडत होतं.

नंतर काय काय झालं ते सगळं सांगण्यासारखं आहे. काकांनी आधी मला ओरडून “खरंच?” विचारलं आणि मग मफलर माझ्या गळ्यात घातला. डॉक्टरांनी “हिला कधीपासून माहीत होतं? सकाळपासून? आणि आपल्यात बसली?” असं म्हणत कपाळाला हात लावला आणि मला पुढच्या सीझनचे पहिले चार रविवार लसूण सोलायची शिक्षा सुनावली. काकूंनी ती दोनवर आणली. आणि आजपासून डब्यात फोन टाकताना या पोरीला सगळ्यात आधी विचारायचं, असा नवा नियम झाला, तो मी हिल्सबरो सोडेपर्यंत पाळला गेला. त्या एका पॉइंटसकट शेवटच्या अकरा सामन्यांत बरोबर बारा झाले होते, हे मात्र मी त्या दिवशी सांगितलं नाही. तेवढं पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवलं.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी ती खोली होती, निळा पडदा, खडखडणारा डबा आणि तिन्ही माणसं तशीच उभी. मला सकाळी काउंटरवर टोपी काढून ठेवलेले आजोबा आठवले. मी वेताच्या खुर्चीतून उठले. माझ्या जागेवरून मी त्या घरात उभी राहून कधी बोलले नव्हते, त्यामुळे आवाज लागतो का ते आधी खाकरून बघितलं.

“अडवली,” मी म्हटलं. “गोलकीपरनं अडवली, काका. आपण वाचलो.”